नाशिकमध्ये लेझरने नंबर काढायचाय? सर्जन निवडताना काय काय बघाल

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मी शिक्षणाने ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नंबर तपासणारा. त्यामुळे तुमचा चष्मा गेला तर तोटा माझाच, हे आधीच सांगून टाकतो. तरीही बारावीच्या सुट्टीत किंवा लग्न ठरलं की माणसं काउंटरवर वाकून हळूच विचारतातच, "भाऊ, लेझरला कोण चांगलं? मशीन कुणाचं भारी?"

दुसऱ्या प्रश्नात फार अडकू नका. लेझर प्रत्यक्ष चालतं ते एका डोळ्याला काही सेकंद, आणि टेबलावर आडवं होण्यापासून उठेपर्यंत दोन्ही डोळ्यांचं काम साधारण अर्ध्या तासात उरकतं. सर्जनचं कसब पणाला लागतं ते त्याच्या आधी: या डोळ्यावर लेझर करावं का, करायचं तर कोणत्या प्रकारचं, आणि नको असेल तर समोरच्याला तसं तोंडावर सांगायचं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये तपासणीवर माझा भर जास्त आहे. जाहिरातीत नेमकी तीच दिसत नाही.

१. आधी घरातले जुने चष्मे शोधा

दवाखान्यात फोन करण्याआधीचं काम आहे हे. वय १८ पूर्ण हवं. बरेच सर्जन वीस-एकवीसपर्यंत थांबायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंबर किमान वर्षभर टिकलेला हवा. वर्षात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक पडला असेल तर थांबायचं. वाढत्या नंबरावर लेझर केलं तर दोन वर्षांनी चष्मा पुन्हा नाकावर येतो.

"माझा नंबर तेवढाच आहे" असं सगळेच म्हणतात, कागद मात्र कुणाकडे नसतो. त्यावर सोपा उपाय आहे. कपाटात पडलेले जुने चष्मे, काडी तुटलेले असले तरी, कुठल्याही चांगल्या ऑप्टिशियनकडे घेऊन जा. लेन्सोमीटर नावाच्या यंत्रावर काच ठेवली की नंबर कळतो, दोन मिनिटांचं काम आहे. प्रत्येक चष्मा कोणत्या साली केला ते आठवून शेजारी लिहा. हा चिठोरा सर्जनच्या टेबलावर ठेवलात की बोलणं थेट मुद्द्यावर येतं.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आत्ता नको, त्या काळात नंबर आणि डोळ्यांचा ओलावा दोन्ही बदलतात. आमवातासारखा आजार, ताब्यात नसलेली शुगर, मुरुमांसाठी चालू असलेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी, लहानपणापासूनची डोळ्यांची ॲलर्जी आणि डोळे चोळायची सवय, घरात कुणाला केराटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन पुढे येण्याचा आजार) असणं, यातलं काहीही लपवू नका.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी खास सूचना. नाशिकमध्ये आर्टिलरी सेंटर, भोसला मिलिटरी स्कूल, पोलिस अकादमी असल्यामुळे ही मुलं माझ्याकडे बरीच येतात. ज्या पदासाठी अर्ज करणार त्याचे वैद्यकीय निकष आधी वाचा. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटला लेझर झालेला उमेदवार अपात्र ठरतो. सैन्यात प्रवेशाच्या प्रकारानुसार नियम वेगळे आहेत: वय किती, ऑपरेशनला किती काळ झाला, कॉर्निया किती जाड उरला असं सगळं बघतात. मित्राच्या सांगण्यावर डोळे लेझरखाली देऊ नका, त्या वर्षीची अधिसूचना उघडा.

२. पाटी नीट वाचा

गंगापूर रोड, कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, मुंबई नाका, नाशिकरोड, कुठेही जा, नेत्रालयांची कमी नाही. पाटीवरच्या नावापुढची अक्षरं मात्र सावकाश वाचा. एमबीबीएसनंतर नेत्रशास्त्रातली एमएस, डीएनबी किंवा डीओएमएस ही डोळ्याच्या डॉक्टरची पदवी. महाराष्ट्रात गेल्या वीस-बावीस वर्षांत एमएस झालेल्या बहुतेकांच्या पदवीवर आपल्या म्हसरूळच्याच विद्यापीठाचा, १९९८ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, शिक्का असतो. डीएनबी दिल्लीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची. आयुर्वेदातही शालाक्य विषयात एमएस असते, पण तो अभ्यासक्रम वेगळा आणि त्यांची नोंदणीही वेगळ्या परिषदेत. माझ्यासारखा ऑप्टोमेट्रिस्ट नंबर तपासतो, ऑपरेशन करत नाही.

पुढची पायरी नोंदणीची. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून डॉक्टर शोधता येतो. दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते झालंय का आणि एमबीबीएसच्या पुढची पदवी तिथं नोंदली आहे का, दोन्ही बघा. काही दवाखान्यांत परिषदेचा क्यूआर कोड लावलेला असतो, तो मोबाइलवर स्कॅन केला की झालं. संघटनेचं सदस्यत्व, चषक आणि मंत्र्यांसोबतचे फोटो यांना मी पात्रता धरत नाही.

एमएसनंतर कॉर्निया आणि रिफ्रॅक्टिव्ह सर्जरीची (नंबर घालवण्याच्या ऑपरेशनची) फेलोशिप झाली असेल तर उत्तम. चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद अशा ठिकाणी ती पूर्णवेळ चालते. मशीनच्या कंपनीने दिलेलं दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही भिंतीवर तशाच फ्रेममध्ये लागतं, म्हणून प्रशिक्षण किती काळाचं होतं ते विचारा. फेलोशिप नसलेले पण वर्षानुवर्षं हेच काम करणारे उत्तम सर्जनही आहेत. त्यांना अनुभव विचारायचा.

अनुभव म्हणजे कशाचा, तेही विचारा, कारण "आमच्याकडे लेझर आहे" या वाक्यात बऱ्याच गोष्टी मावतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेन्समागे साचलेली जाळी कापायला याग लेझर वापरतात. शुगरवाल्यांच्या मागच्या पडद्याला मारतात ते आणखी वेगळं. टाक्याविना फेको पद्धतीने झालेल्या मोतीबिंदूलाही आपल्याकडे सर्रास "लेझरने केलं" म्हणतात, तिथं तर मुळात ध्वनिलहरी असतात. यातल्या कशानेही चष्म्याचा नंबर काढण्याचा अनुभव येत नाही. म्हणून प्रश्न असा टाका: "कॉर्नियावर लेझर करून नंबर काढायच्या किती केसेस तुम्ही स्वतः केल्यात, आणि सध्या महिन्याला किती करता?"

३. तपासणीला जाताना

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद करा. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि त्या आकारावर घेतलेली मापं चुकीची येतात. फोनवर वेळ देतानाच जो दवाखाना "लेन्स घालता का?" असं विचारतो, तिथली पहिली परीक्षा पास.

गाडी चालवत जाऊ नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सोसत नाही.

४. तपासणीत काय काय व्हायला हवं

इथं घाई करू नका, निम्मा दिवस काढून ठेवा. वीस मिनिटांत आटोपून पुढच्या शनिवारची तारीख मिळाली तर उठून या.

नंबर दोनदा तपासला पाहिजे, एकदा साधा आणि एकदा थेंब घालून. तरुण डोळ्याचे स्नायू नकळत ताण घेतात आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त भासतो. थेंबाने तो ताण सुटतो. लेझरचं मशीन त्यात जेवढा नंबर भरला तेवढाच कापतं. तो खरा होता की फुगलेला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी किंवा पेंटाकॅमसारख्या यंत्रावरची टोमोग्राफी. हनुवटी टेकवून लाल किंवा निळ्या उजेडाकडे बघायचं, डोळ्याला काही लागत नाही. हातात रंगीत कागद येतो. त्यावरचे रंग साधारण डोंगर-दरीच्या नकाशासारखे वाचायचे: कॉर्नियाचा उतार कुठे जास्त, पुढचा-मागचा पृष्ठभाग कुठे फुगलेला, सगळ्यात पातळ जागा कोणती. खालच्या भागात एकाच बाजूला उतार वाढलेला, मागचा पृष्ठभाग उचललेला आणि त्याच जागी जाडी कमी असं एकत्र दिसलं की केराटोकोनसची शंका घेतात, म्हणजे कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं. अशा डोळ्यावर लेझर केलं तर उरलासुरला आधारही जातो आणि नजर चष्म्यानेही पूर्ण सुधारत नाही. या एका कारणासाठी ही तपासणी टाळता येत नाही. फक्त जाडी मोजून "चालेल" म्हणणारा सर्जन मी माझ्या बहिणीला सांगणार नाही.

जाडीचं गणित तुम्ही स्वतःही करून बघू शकता. समजा कॉर्निया ५०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, नंबर मायनस ६, आणि लॅसिक, म्हणजे वरचा पापुद्रा उचलून त्याखाली लेझर मारायचा प्रकार, करायचं ठरतंय. वरचा पापुद्रा, ज्याला फ्लॅप म्हणतात, साधारण ११० मायक्रॉनचा. एका नंबरामागे अंदाजे १४ मायक्रॉन कापले जातात, म्हणजे ८४. पाचशेतून ११० आणि ८४ गेले, खाली उरले ३०६. किमान २५० उरले पाहिजेत असा जुना दंडक आहे, पण आता बरेच सर्जन ३०० धरून चालतात. म्हणजे हे जमण्यासारखं. त्याच कॉर्नियावर नंबर मायनस ८ असता तर ११२ कापावे लागले असते आणि उरले असते २७८. इथं सावध सर्जन लॅसिकला नाही म्हणेल आणि दुसरा मार्ग सुचवेल. किती भागावर लेझर मारणार त्यानुसार कापण्याचा आकडा कमी-जास्त होतो, तेव्हा तुमच्या डोळ्याचा नेमका हिशेब सर्जनकडूनच मांडून घ्या. "माझे किती मायक्रॉन उरणार?" या प्रश्नाचं उत्तर त्याला कागदावर आकड्यात देता आलं पाहिजे.

याशिवाय अंधारात बाहुली किती मोठी होते, डोळ्यांत ओलावा पुरेसा आहे का, डोळ्याच्या आतलं प्रेशर किती, हे बघतात. शेवटी बाहुली मोठी करून मागचा पडदा. मायनस नंबर मोठा असेल तर डोळा मागे लांब झालेला असतो आणि पडद्याच्या कडा पातळ होऊन तिथं छिद्रं पडू शकतात. तशी सापडली तर आधी त्यांचा बंदोबस्त, नंबराचं मागाहून.

या सगळ्याच्या प्रती मागून घ्या. "तुमचं आमच्याकडेच करायचंय ना, मग प्रत कशाला?" असं काउंटरवर ऐकायला मिळेल. तरी घ्या. आपल्या तपासण्यांचे कागद हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात. ते घेऊन दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला अजिबात संकोच करू नका. दोघांची मतं जुळली नाहीत तर "थांबा" म्हणणाऱ्याचं ऐका, महिन्या-दोन महिन्यांनी डोळे कुठं पळून जात नाहीत.

५. सर्जनसमोर बसल्यावर

पहिली गोष्ट, समोर सर्जनच हवा. मोठ्या ठिकाणी काउन्सिलर नावाची गोड बोलणारी व्यक्ती पॅकेज समजावून सांगते, पैसेही भरून घेते, आणि सर्जन थेट ऑपरेशनच्या दिवशी मास्क लावून भेटतो. असं नको. पैसे भरण्याआधी, कापणाऱ्या माणसाने स्वतः तुमचे नकाशे बघून तुमच्याशी बोललं पाहिजे.

मला हेच का सुचवताय, हे त्याच्याकडून समजून घ्या. तुमचा डोळा आणि काम पाहून उत्तर बदलायला हवं. लॅसिकमध्ये पापुद्रा उचलतात. दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागतो, पण डोळ्यावर जोरात फटका बसला तर पुढे कधीही तो पापुद्रा सरकू शकतो. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंगवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. पीआरके नावाच्या प्रकारात पापुद्राच नाही, लेझर वरूनच मारतात, त्यामुळे पातळ कॉर्नियाला आणि खेळाडूंना बरं, मात्र पहिले तीन-चार दिवस चांगलंच दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला आठवडे लागतात. स्माइल नावाच्या प्रकारात दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्या छेदातून लेझरने आत कापलेली कॉर्नियाची चकती काढतात. नंबर फार मोठा किंवा कॉर्निया पातळ असेल तर लेझर न करता डोळ्यात बसवायची आयसीएल लेन्स. सगळ्यांना सगळ्यात महागडंच सुचवणारा सर्जन दिसला तर समजून जा.

रात्री कसारा घाटातून गाडी चालवणाऱ्याने दिव्यांभोवती वलयं दिसण्याबद्दल विचारावं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर एसीत बसणाऱ्याने कोरडेपणाबद्दल. कोरडेपणा हा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास, बहुतेकांचा सहा महिने-वर्षभरात ओसरतो, काहींचा रेंगाळतो. "तुमच्या पेशंटमध्ये काय काय बिघडलंय आणि तुम्ही ते कसं निस्तरलंत?" असं सरळ विचारा. "आमच्याकडे काहीच होत नाही" हे उत्तर मला पटत नाही. कितीही हात बसलेला असला तरी काही डोळ्यांत थोडा नंबर उरतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो, आणि हे शांतपणे सांगणारा माणूस पुढे काही झालंच तर फोन उचलण्याची शक्यता जास्त.

फोनवरून आठवलं. सर्जन नाशिकमध्येच असतो की बाहेरगावाहून ठराविक वारी येतो? लेझरचं मशीन याच दवाखान्याचं आहे की दुसऱ्या सेंटरला नेणार? बाहेरून येणारा सर्जन वाईट असतो असं नाही, पण रात्री डोळा लाल होऊन ठणकायला लागला, दिसणं कमी झालं, तर कोण बघणार याचं उत्तर आधी हवं. मुंबई-पुण्याला जाऊन करणाऱ्यांनीही हेच धरा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि पंचवटी एक्स्प्रेस तुमच्या डोळ्यासाठी थांबत नाही.

चाळिशीच्या आसपासच्या वाचकांनी एक समजून घ्या: दूरचा नंबर गेला तरी जवळचं वाचायला चाळिशी लागणारच. मायनस दोन-अडीच असणारी काही माणसं चष्मा काढून आरामात पेपर वाचतात. लेझरनंतर ती सोय जाते आणि मग माझ्याकडे येऊन चिडतात. सर्जनने हे तुम्हाला न विचारता सांगायला हवं.

६. पैशाचं

दोन्ही डोळ्यांचे मिळून, प्रकारानुसार वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या वर असा पट्टा आहे. आकडा ऐकल्यावर त्यात काय धरलंय ते लिहून घ्या: तपासण्या, थेंब, नंतरच्या भेटी, आणि नंबर उरला तर पुन्हा करायचं झाल्यास त्याचा खर्च. "आज बुक केलं तर दहा हजार सूट" अशी घाई झाली की मी तरी उद्या येतो म्हणून उठेन. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन देणं नियमात बसत नाही, तरी ज्याने तुम्हाला नाव सुचवलं त्याला त्यात काही मिळतं का, हे विचारायला लाजू नका. मलाही विचारा.

आरोग्य विम्यात ७.५ पेक्षा कमी नंबर असेल तर दृष्टिदोष काढण्याचा खर्च सहसा वगळलेला असतो. त्यापुढे नंबर असेल तर पॉलिसीची अट वाचून कंपनीला आधी लेखी विचारा.

७. तारीख ठरवताना नाशिकचं कॅलेंडर बघा

रंगपंचमीच्या आधीचा महिना टाळा. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, धप्पा मारायचा असेल तर नक्कीच, आणि नसेल तरी जुन्या नाशकात त्या दिवशी कोरडं राहणं तुमच्या हातात नसतं. ऑपरेशननंतर साधारण महिनाभर पोहणं, नदीत बुडी, डोळे चोळणं बंद. सिंहस्थात रामकुंडावर स्नान करायचं ठरवलं असेल तर त्याचाही हिशेब धरा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांनी ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारणीचे दिवस सोडावेत. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ फिरते, २०२३ साली तर राज्यभर होती. घरात कुणाचे डोळे आले असतील तर तारीख पुढे ढकला, दवाखान्याला आनंदच होईल.

त्या दिवशी सेंट, अत्तर, मेकअप काही नको. संमतिपत्र आदल्या दिवशी मागून घरी वाचा, मराठीत मागा. टेबलावर झोपण्याआधी तुमचं नाव आणि दोन्ही डोळ्यांचे नंबर मोठ्याने म्हणून स्क्रीनवरच्या आकड्यांशी ताडून घ्यायला सांगा. चांगल्या ठिकाणी हे तुम्ही न सांगताच होतं.

८. नंतर

थेंब दिलेल्या वेळेला, झोपताना प्लास्टिकची शील्ड, दुचाकीवर गॉगल. दुखणं किंवा लाली कमी होण्याऐवजी वाढली, नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सोमवारची वाट बघू नका. दाद लागली नाही तर लेखी तक्रार आधी दवाखान्याकडे, मग मेडिकल कौन्सिलकडे, आणि भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. फाइल पूर्ण असेल तर तक्रारीला वजन येतं.

ती फाइल सांभाळून ठेवण्याचं आणखी एक कारण पंचवीस-तीस वर्षांनी समोर येतं. मोतीबिंदू झाला की डोळ्यात बसवायच्या लेन्सची पॉवर काढावी लागते, आणि लेझर झालेल्या कॉर्नियावर नेहमीचं सूत्र चुकतं. त्या वेळच्या डॉक्टरला ऑपरेशनआधीचा नंबर आणि कॉर्नियाची मापं मिळाली तर हिशेब बराच सोपा होतो. लेझर झालेल्या डोळ्याचं प्रेशरही मोजताना खऱ्यापेक्षा कमी दिसतं, त्यामुळे काचबिंदूची तपासणी करणाऱ्याला "माझं लेझर झालंय" हे दर वेळी सांगा. आणि ज्यांचा मायनस नंबर मोठा होता त्यांनी चष्मा गेला तरी वर्षातून एकदा मागचा पडदा दाखवत राहा, डोळ्याची लांबी लेझरने कमी झालेली नसते.